अकरा कमी

मतपत्रिकेवर दोनच चित्रं होती, साहेब.
एक बाटली उभी, एक आडवी.
नाव नाही, पक्ष नाही,
आदल्या रात्री कुणी साडी वाटली नाही,
असं मतदान आमच्या गावात पहिलंच.

एप्रिलचं ऊन. शाळेचे पत्रे तडतडत होते.
डोक्यावर ओला पंचा घेऊन बाया रांगेत.
सुपडाबाईला दिसत नाही. तिने विचारलं,
"पडेल बाटली कोनती शे वं माय?"
केंद्राध्यक्ष म्हणाले, सांगता येणार नाही.
तेव्हा तिने बोटांनी कागद चाचपला,
काच हाताला लागेल म्हणून.

संध्याकाळी फळ्यावर खडूने लिहिलं:
आडवी पाचशे सत्त्याण्णव,
उभी त्र्याऐंशी,
बाद नऊ.
गुलालाची पहिली मूठ मीच उधळली, कबूल करते.
मग तुम्ही चष्मा पुसत म्हणालात,
दुकान चालू राहील.

यादीत बाया बाराशे चौदा.
निम्म्यांहून जास्त हव्यात,
आलेल्यांच्या नव्हे, यादीतल्या.
म्हणजे सहाशे आठ.
अकरा कमी.

नियम तुम्ही वाचून दाखवलात. आता माझी यादी ऐका.
अनुक्रमांक दोनशे सहा, कासाबाई नथ्थू पाटील.
माझी सासू. जाऊन चार वर्षं झाली.
नाव कमी करायचा अर्ज दिला होता,
पोच माझ्याकडे आहे, बचत गटाच्या वहीत.
तीनशे एक्केचाळीस, माझी नणंद, उधन्याला नांदते.
तिच्या गल्लीतल्या अजून सहा पोरी तिकडेच,
साड्यांना टिकल्या चिकटवतात,
इकडे यादीत अजून कुमारिका.

जी आली नाही, तिचं मत बाटलीला.
जी मेली, तिचंही.
जन्मभर कळण्याच्या पिठात पैसे पुरून
सासऱ्याच्या हातापासून वाचवले जिने,
ती आता बाटलीच्या बाजूने उभी.
स्वप्नात येऊन विचारते,
"मी मरी गयी वं, तरी मन्हं मत उभंच?"
काय सांगू तिला? शासन निर्णयाचा क्रमांक?

सरपंचाचा भाचा चौतीस मतांनी मेंबर झाला,
अर्धा वॉर्ड झोपलेला होता तरी.
बायांनी काही बंद करा म्हटलं
की मेलेल्यांनाही रांगेत यावं लागतं.

हे सगळं मी तुमच्या बैठकीत बोलले.
टाळ्या पडल्या. तुम्ही लिहून घेतलंत. चहा चांगला होता.

परतताना रिक्षात जतनीबाई मालचे शेजारी बसली,
मांडीवर मिठाची पिशवी.
ती टाळ्या वाजवणाऱ्यांत नव्हती, बाहेर उभी होती.
म्हणाली, "भिलाटीमा आम्ही बत्तीस बाया.
कोन उनं व्हतं सांगाले?"

मी म्हटलं, दवंडी दिली होती.
ती हसली. दवंडी पारापाशी वळते,
हे तिलाही माहीत आणि मलाही.

तिची भट्टी आम्ही दोनदा फोडली.
दुसऱ्या वेळी मडक्यावर काठी माझी होती,
फोटो तालुक्याच्या पेपरात आला.
दुकानाला परवाना, म्हणून त्याच्यासाठी मतपेटी.
तिला परवाना नाही, म्हणून काठी.
मोहाच्या त्या पैशांत पोरीची आश्रमशाळेची पेटी येणार होती,
हे तिने रिक्षात सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे,
भाव सांगावा तसं.

नदीच्या फाट्याला ती उतरली.
पैसे मी देते म्हटलं, तिने घेऊ दिले नाहीत.
पुढे घरापर्यंत मी एकच वजाबाकी केली.
बत्तीसातून अकरा जातात, साहेब,
वर एकवीस उरतात.

पुढचं मतदान वर्षाने, असं तुम्ही म्हणालात.
सासूचं नाव काढायचा अर्ज परवा पुन्हा दिला.
भिलाटीत अजून गेलेले नाही.
दोन वेळा चप्पल घातली,
दोन वेळा पारापाशी वळले.
तिथे काय बोलायचं,
याचा काही नमुना असेल तुमच्याकडे
तर पाठवा.